तू मध्यातच होतास, दादा

दादा, तुझ्या तेरवीच्या पंगतीत कोणीतरी म्हणालं, "गजानन म्हणजे देवमाणूस. कोनाच्या अध्यात नाई, का मध्यात नाई." शेजारच्यांनी माना हलवल्या, कोणी वरण मागितलं, आणि वरणाची बादली माझ्याच हातात होती. ती खाली ठेवावी आणि ओरडून सांगावं असं वाटलं, की हे खोटं आहे. माझा भाऊ सगळ्यांच्या अध्यात होता आणि मध्यात तर होताच होता. मध्यात होता म्हणून तर मी त्याच्याशी इतकी वर्षं भांडले.

पण तेरवीला असं बोलत नाहीत. मी वरण वाढलं. तू असतास तर म्हणाला असतास, "तेरवीले नाई बोलाचं, मंग कवा बोलाचं?" म्हणून आता बोलते. कारंजाच्या घरात, माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून. रविवारी दुपारी मी इथूनच तुला फोन करायची आणि पहिल्या दोन वाक्यांतच आपलं वाजायचं.

मी शिकवते त्या शाळेत कोणी माझ्याशी वाकडं वागलं की मी तुला सांगायची. तू सगळं ऐकून घ्यायचास आणि मग विचारायचास, "त्याच्या घरी काय चालू हाय सध्या?" मी फोन ठेवून द्यायची. माणसाला नेहमी न्याय नको असतो रे दादा. कधीकधी आपल्याबरोबर दोन शिव्या देणारं कोणीतरी हवं असतं. तेवढं सोपं काम तुला आयुष्यभर जमलं नाही. माय आणि वहिनीचं भाजीतल्या मिठावरून बिनसलं, तर तू भाजी खाऊन म्हणायचास, "मले तं वरणात कमी लागलं." दोघी मिळून तुझ्यावर चिडायच्या आणि मिठाचं भांडण तिथंच राहायचं. निवडणुकीत दोन्हीकडची माणसं आपल्या ओट्यावर चहा पिऊन जायची आणि दोन्हीकडची जाताना म्हणायची, याचं काही खरं नाही.

आसेगावात शाळेच्या मागं कबड्डीचे सामने व्हायचे. सोयाबीन निघून गेल्यावरचे दिवस. माती भुसभुशीत करून, पाणी शिंपडून मैदान करायचे आणि पंच म्हणून तुला उभं करायचे. त्या वर्षी शेवटचा सामना आपल्या गावचा आणि जऊळक्याचा होता. जऊळक्याकडून चढाईला आला तो विलास, कॉलेजात तुझ्या खोलीत राहणारा. शेवटची चढाई होती. विलास आपल्या गावच्या पोरांच्या घोळक्यात शिरला, धूळ उडाली, आणि तो मागं सरकला तेव्हा अर्धं मैदान म्हणत होतं हात लागला, अर्धं म्हणत होतं नाही लागला. सगळे तुझ्याकडे बघायला लागले. तू शिटी तोंडातून काढलीस आणि म्हणालास, "मले दिसलं नाई."

पंचानं असं म्हणायचं असतं हे कोणी ऐकलंच नव्हतं. "मंग उभा कायले हायेस बे?" कोणीतरी ओरडलं. तू म्हणालास, "दिसलं असतं तं सांगतलं असतं. चढाई पुन्हा होईन." आपल्या गावाला वाटलं तू दोस्ताला वाचवतोयस. जऊळकेवाल्यांना वाटलं तू गावाला वाचवतोयस. ढेकूळ कोणत्या बाजूनं आलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. कपाळाला टेंगूळ घेऊन तू घरी आलास. माय हळद लावत होती, शिव्याही घालत होती. मी हळूच विचारलं, "पण दादा, तुले काय वाटलं? लागला होता का हात?"

"वाटण्याची शिटी नसते, सुमे."

त्या संध्याकाळी विलास तुझं टेंगूळ बघायला घरी आला. मी चहा केला. माझं पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

त्याच्या घरून माझ्यासाठी विचारणा आली तेव्हा माय खूश, बापूकाका खूश. बाबांच्या माघारी आपल्या घरात काकांचाच शब्द चालायचा. तू एकटा गप्प होतास. मला गोठ्याकडे बोलावलंस आणि म्हणालास, "तो माहा दोस्त हाय म्हून हो म्हणू नको. दोस्त म्हून मले तो जेवढा दिसला तेवढाच मी सांगू शकतो. नवरा म्हून कसा राहीन, ते मले ठाऊक नाई." मी हसले होते. मला तो आवडला होता, तुझ्या सांगण्यावरून नाही, माझ्या मनानं. मी हो म्हटलं.

आणि दादा, पहिली दोन वर्षं चांगली गेली. हे वाक्य मी आज फक्त तुझ्याजवळ बोलू शकते. विलासनं मला गाडी चालवायला शिकवली, जऊळक्याच्या स्टेशनमागच्या रिकाम्या रस्त्यावर. मागं धावत यायचा, पडेन म्हणून. शेतातून येताना रुमालात बोरं बांधून आणायचा. मला ताप आला तर रात्रभर... जाऊ दे. हे मी दुसऱ्या कुणाला सांगितलं तर लगेच विचारतात, "इतका चांगला होता तं मंग आली कायले?" आणि मारहाणीचं सांगितलं की म्हणतात, राक्षस होता मेला. लोकांना दोन्हींतलं एकच हवं असतं. रुमालातली बोरं आणि माझा मोडलेला हात एकाच माणसाच्या नावावर ठेवून ऐकून घेणारा तू एकच होतास. आता तो विलास कोणापुढे काढू, सांग.

मारणं सुरू झालं ते एकदम नाही. आधी भांडी आपटणं, मग ढकलणं. मग गालावर. दर वेळी नंतर रडायचा, पाया पडायचा. मी तुम्हाला सांगत नव्हते, कारण दर वेळी वाटायचं हे शेवटचं. सासू दारात उभी असायची. पदराचा बोळा तोंडात धरून, चौकटीला टेकून. एक पाऊल आत नाही, एक शब्द नाही. त्याच्या हाताइतकंच तिचं ते उभं राहणं माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

ज्या दिवशी मनगट मोडलं त्या दिवशी मी शेजारच्या घरून तुला फोन केला. "ये" एवढंच म्हणाले. तू मोटरसायकल घेऊन आलास तो शेतातल्या कपड्यांवरच. आधी माझा हात पाहिलास, मग मला विचारलंस, "बसता येईन का गाडीवर?" मी मान हलवली. मग विलासपुढे जाऊन उभा राहिलास.

"तू मारलं?"

"भांडण झालं गजा. नवराबायकोत होते."

"भांडणाचं नाई इचारलं मी. मारलं का?"

 तू हात उचलला नाहीस. मला तेव्हा वाटत होतं तू त्याला एक तरी ठेवून द्यावीस. परत येताना शेलूबाजारला तू गाडी थांबवलीस, मला एका दुकानापुढच्या बाकावर बसवलंस आणि पाणी आणायला म्हणून गेलास. आलास तेव्हा तुझे डोळे लाल होते आणि पाणी आणायचं विसरला होतास.

मग घरात बैठक बसली. बापूकाका, त्यांच्या ओळखीचा वकील, माय, तू आणि प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन मी. तक्रार द्यायची ठरलंच होतं. वकील म्हणाला, नुसत्या मारहाणीनं केस हलकी राहते, हुंड्याचं घाला, सासूचंही नाव घाला. बापूकाकांनी लगेच मान हलवली. तू म्हणालास, "हुंडा कोनं मागतला नाई. म्हातारीनं मारलं नाई."

"अरे, पण ते उभी तं होती ना?" काका म्हणाले.

"उभी होती तं उभी होती लिहा. जे झालं ते पुरं हाय काका. त्यात पाणी टाकलं तं उद्या दूधच खोटं म्हणतीन."

काका उठून उभे राहिले. "तू कोनाचा हायेस बे गजानन? एकदा सांगून टाक."

"सुमीचा," तू म्हणालास. "म्हून तं सांगून राह्यलो."

शेवटी तू म्हणालास तसंच लिहिलं गेलं. आणि कोर्टात, जिथं बोलायचं होतं तिथं, तू बोललास, विलाससमोर, त्याच्या डोळ्यांत बघून. मनगट, पाठीवरचे वळ, सगळं. जऊळक्याची माणसं बाहेर तुझ्या अंगावर थुंकली, दोस्ताशी बेइमान म्हणाली. आपल्याकडची म्हणत होती, म्हातारीला सोडलं. घटस्फोट झाला. मी आसेगावला परत आले आणि त्या दिवसांत तुझ्याइतकं माझं कोणी नव्हतं.

म्हणूनच मग जे कळलं ते फार लागलं. मंगरुळपीरच्या एसटीत एक बाई भेटली, जऊळक्याची. ती सहज म्हणाली, तुमचा भाऊ आला होता परवा विलासकडं, चहा पेऊन गेला.

मी घरी आले तेव्हा दुपार होती. तू अंगणात फवारणीचा पंप खोलून बसला होतास.

"तू त्याच्याकडं गेला होता?"

"हाव."

"कायले?"

"दोस्त हाय."

"अन् मी कोन हाओ?"

"तू बहीण हाय सुमे."

"मंग एक काहीतरी पकड. तो राक्षस हाय, नाई तं मी खोटी हाओ. दोन्ही एकदम नाई चालत."

तू पंपाचा पाईप बाजूला ठेवलास. "तू खरी हाय. त्यानं जे केलं त्याले माफी नाई, अन् ती मागाले मी तुह्याकडं कवाच येनार नाई. पण राक्षस म्हणलं ना, का त्याची सुटका होते. राक्षस मारतेच, त्याचं कामच हाय थे. हा मानूस हाय. म्हून तं त्यानं नाई माराले पायजे होतं."

हे वाक्य समजायला मला पुढं कितीतरी वर्षं लागली. त्या दुपारी मला फक्त एवढंच ऐकू आलं की तू त्याला माणूस म्हणालास. मी म्हणाले, "त्याची माय दारात उभी राहे, अन् तू मधात उभा राहतं. काय फरक हाय दोघांत, सांग मले."

 आपण भांडायचो तेव्हा तुझ्याकडे नेहमी काहीतरी उत्तर असायचं, नाहीतर निदान हसू तरी असायचं.  त्या दिवशी तू पंप तसाच उघडा टाकून शेताकडे निघून गेलास आणि अंधार पडल्यावर आलास. नंतर कितीतरी दिवस जेवताना माझ्या नजरेला नजर देत नव्हतास.

मी तुझ्याशी बोलणं सोडलं नाही, पण एक अट घातली. माझ्यासमोर विलासचं नाव काढायचं नाही, कधीच. तू "बरं" म्हणालास. पुढं मला शिकायला तूच पाठवलंस, कारंजाला शाळेत लागले तेव्हा ट्रंक आणि सिलेंडर डोक्यावर घेऊन जिना तूच चढलास, नळाला पाणी कधी येतं ते घरमालकिणीला तूच विचारलंस. इतक्या वर्षांत एकदाही तुझ्या तोंडून ते नाव निघालं नाही. पण तू जऊळक्याला जात होतास हे मला ठाऊक होतं. आसेगावात वहिनी सहज बोलून जायची आणि मग जीभ चावायची. मी ऐकलं नाही असं दाखवायची. आत काहीतरी दर वेळी जळायचं.

तुझंही काहीतरी जळत असणार. ते मला आपल्या गावातल्या कमलाबाईंच्या वेळी दिसलं. त्यांचा शेतात जायचा रस्ता शेजारच्याच्या वावरातून होता आणि तो शेजारी दांडगा. त्यानं रस्ता अडवला. गावानं तुला मध्ये घातलं. तू आपल्या पद्धतीनं आज याचं ऐक, उद्या त्यांचं ऐक, नकाशा बघ, जुन्या माणसांना विचार, असं करत राहिलास. तोवर शेजाऱ्यानं ट्रॅक्टर घालून रस्ता नांगरून टाकला आणि वर पेरलंही.  कमलाबाई डोक्यावर खताची गोणी घेऊन लांबच्या फेऱ्यानं शेतात जायला लागल्या. मग तू आपल्या तुरीच्या दोन ओळी उपटून त्यांना आपल्या वावरातून वाट करून दिलीस. वहिनी चिडली होती. मला फोनवर म्हणालास, "सुमे, मी चुकलो. दोन्ही बाजू ऐकता ऐकता एक बाजू संपूनच गेली. तठी मधात उभं राह्याची जागाच नोती."

मी फोन ठेवून दिला. काही बोलायला हवं होतं असं नाही, पण आज वाटतं की फोन जरा वेळ धरून ठेवायला हवा होता. तुझा श्वास ऐकू येत होता.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी तू कारंजाला आला होतास. बाजारातली कामं झाली, मी तुला एसटी स्टँडवर सोडायला आले. उन्हात उभे होतो. तू हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेत होतास आणि एकदम म्हणालास, "तुह्या त्या सवालाचा मी लय इचार केला."

"कोनता सवाल?"

"दारातल्या म्हातारीचा अन् माहा. थे बोलली नाई. मी बोलतो, त्याच्या तोंडावर बोलतो. एवढा फरक तं हाय. पण नुसतं बोलून भागते का, ते मले आजून समजलं नाई."

मंगरुळपीरची गाडी लागली. लोक दाराशी गर्दी करायला लागले, तू पिशवी छातीशी धरून चढलास, खिडकीतून हात हलवलास. इतकंच. आपलं ते भांडण तिथं राहिलं. दर वेळी मी ते पुढच्या वेळी काढीन म्हणायची. तुला माहीत आहे, मला भांडण अर्धवट सोडलेलं आवडत नाही. आणि मग या हिवाळ्यात वहिनीचा फोन आला, भर दुपारी. शेतातून आले, पाणी मागितलं आणि बसल्या जागी गेले म्हणाली. मी आले तेव्हा तुझ्या पायाला अजून ओली माती होती.

आता तेरवीचं राहिलेलं सांगते. पंगती उठल्या होत्या. मी आणि वहिनी मागच्या बाजूला भांडी आवरत होतो. पुढून एकदम आवाज वाढले. बाहेर आले तर अंगणाच्या कडेला विलास उभा. केस पांढरे झालेत, वाकलाय थोडा. बापूकाका या वयातही काठी टेकत त्याच्यावर धावून गेले होते. "अठी कायले आला बे तू? कोन बलावलं तुले?" तो मान खाली घालून उभा होता, जात नव्हता. चार-पाच माणसं उठली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला हलताही येईना.

बोलली ती वहिनी. राखेचे हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "बसू द्या काका. ह्यायचा दोस्त होता." मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "तुले नको असन तं सांग सुमन. आता काढतो बाहेर." मी म्हटलं, बसू दे.

तो ओट्याच्या टोकाला बसला. पाणी प्यायला. मी तिथून निघून जाऊ शकत होते, का गेले नाही ते माहीत नाही. मग तो माझ्याकडे न बघता बोलायला लागला.

"गजा वर्साचा दोन-चारदा येई माह्याकडं. चहा पे, अन् एकच इचारे. त्या दिवशी काय झालं, सांग. मी म्हणो, भांडण झालं. तो म्हणे 'बरं' अन् उठून जाई. पुढच्या बारीले पुन्हा तेच. मी म्हणो, राग आला, हात गेला. 'बरं.' कवा म्हणो, सुमन उलटून बोलली होती. तरी 'बरं'च म्हणे, अन् निंघून जाई. मले वाटे हा तुह्याकडून येते, मले छळाले. सदा तुह्याच बाजूचा होता तो. एकदा तं मी त्याले घरातून हाकललं. तरी आला दोन महिन्यानं."

मी ओट्याचा खांब धरून उभी होते. इतकी वर्षं मी समजत होते की तू त्याचा होतास.

"मागच्या उन्हाळ्यात सांगतलं म्या त्याले," विलास म्हणाला.

"काय सांगतलं?"

त्यानं पहिल्यांदा वर पाहिलं. "म्या मारलं. भांडण नोतं. तू काई केलं नोतं, काई बोलली बी नोती. अन् माय मधात येत होती पहिल्या बारीले. तिले म्या म्हणलं, पाय आत टाकला तं तुले बी तोडीन. म्हून ते दारात उभी राहे."

दादा, अंगणात एवढी माणसं होती आणि मला कोणाचाही आवाज येत नव्हता.

"दादा काय म्हणला?" मी विचारलं.

"काई नाई. रडला. मंग म्हणे, हे मले नोको सांगू, तिले सांग. मी म्हणलं, माही हिंमत नाई होत. तं म्हणे, मी नेईन तुले कारंज्याले. पण सुमननं हो म्हणल्याबिगर नाई. तिले कवा इचारता येईन, ते पाहतो म्हणे."

तो उठला. माफी मागितली नाही त्यानं, आणि ते बरं केलं. मागितली असती तर मी दिली नसती, आणि मग ती न दिल्याचं ओझंही माझ्याच गळ्यात पडलं असतं. मी एवढंच म्हणाले, "ऐकलं म्या." तो मान हलवून निघून गेला. बापूकाका विचारत होते, "काय म्हणत होता थो हरामखोर?" मी म्हटलं, काही नाही. त्यांना काय सांगणार? अर्धंच ऐकलं असतं त्यांनी, त्यांना हवं ते अर्धं.

त्यानंतर मी सारखी मागं जाऊन बघते आहे. मागच्या उन्हाळ्यानंतर तू माझ्याकडे किती वेळा आलास. राखीला आलास तेव्हा जेवून झाल्यावर म्हणाला होतास, "सुमे, एक इचारू का?" मी म्हटलं, विचार. तू जरा थांबलास आणि म्हणालास, "तुह्या शाळेतल्या पोट्ट्यायले खिचडी बरी भेटते का?" मी हसले होते, दादा. खिचडीचं विचारायला एवढी परवानगी कशाला, म्हणाले होते. दिवाळीलाही असंच काहीतरी. माझा हात धरून ते मनगट अंगठ्यानं दाबून पाहिलंस, थंडीत दुखतं का म्हणालास. मी म्हटलं, दुखतं.  तेव्हा ते तुझ्या ओठावर आलं होतं ना? मी घातलेली अट तू पाळत बसलास. इतका शब्दाला जागणारा माणूस कशाला व्हायचं असतं रे? एकदा मोडायचा शब्द. मी आरडाओरडा केला असता, ताट सरकवलं असतं, महिनाभर फोन उचलला नसता. आणि मग उचलला असता.

आता मला तुझ्याशी बोलायचं आहे आणि बोलायला तू नाहीस, हे मला अजून नीट कळत नाही. मला तुला विचारायचं आहे की त्याच्या तोंडून ते ऐकताना तू का रडलास. माझ्यासाठी, त्याच्यासाठी, की तुझ्या स्वतःसाठी? तू म्हणाला असतास, "एकच काहून पायजे तुले?" मी म्हटलं असतं, कारण मला एकच उत्तर हवं असतं. तू हसला असतास. मला विचारायचं आहे की त्यानं तुला घरातून हाकलल्यावर जऊळक्याहून आसेगावपर्यंत तू गाडीवर काय विचार करत आलास. आणि मला सांगायचंही आहे. माझ्यावर हात उचलणाऱ्या माणसाकडे माझा भाऊ चहा प्यायला जातो, हे मला तेव्हा जेवढं लागलं होतं तेवढं आजही लागतं. ते कारण कळल्यानं कमी झालेलं नाही. तरीही मला वाटतं की तू जायला हवं होतंस. दोन्ही खरं आहे, दादा. हे मी तुझ्यासमोर कबूल केलं असतं तर तू किती खूश झाला असतास, आणि दाखवलं नसतंस.

त्याची माय अजून आहे. ऐकू कमी येतं, उठताही येत नाही म्हणे. पुढच्या सुट्टीत मी जऊळक्याला जाणार आहे. विलासकडे नाही, तिच्याकडे. तिला काय विचारायचं ते अजून ठरत नाही. तू असतास तर म्हणाला असतास, काही विचारू नको, बस तिच्याजवळ, चहा पे, सांगायचं तेव्हा सांगेल ती. या बारीला नाही तर पुढच्या बारीला. पण मी तुझ्यासारखी थांबणारी नाही रे. थांबायला शिकवणारा तूच थांबला नाहीस.